मुईताईचं छापील वाक्य

शाम शुई पोच्या बाजारात मुईताई टोफू विकते. शाळेचं तोंड तिने कधी पाहिलं नाही, पण मी लिहिलेलं कँटोनीजचं, आमच्या चिनी भाषेचं, व्याकरण निम्मं तिच्या जिभेवर उभं आहे. रोज सकाळी मी वही घेऊन तिच्या गाळ्यावर जायचो आणि असं म्हणतात का, तसं म्हणतात का, विचारायचो. ती वड्या कापता कापता निकाल द्यायची. "असं कोण बोलतं मास्तर, तुमची बायको?"

माझं घोडं एका जागी अडलं होतं. आमच्या भाषेत विशेषणही क्रियापदासारखं एकट्याने वाक्य पेलतं. वेगळं ओळखायचं तर आधी 'फार' लावून बघायचं. 'फार उंच' चालतं, 'फार बसला' चालत नाही. पण भिणं, लाजणं ही क्रियापदं असून 'फार' घेतात. त्यांना कुठल्या रकान्यात घालायचं? मुईताईला म्हटलं, लाजण्याचं एखादं वाक्य सांगा.

तिची सुरी थांबली. "माझ्या हातांना सोयाबीनचा वास येतो. लग्नाच्या जेवणात मुलाने मला पार दारापाशच्या टेबलावर बसवलं. तो फार लाजला."

तिचे डोळे भरलेले मला दिसले. तरी मी विचारलं, यातला 'फार' काढला तर चालेल का?

पुस्तक निघालं. वाक्य जसंच्या तसं घातलं, नाव घातलं नाही. नाव नाही म्हणजे पाप नाही, अशी मी माझी समजूत घातली होती. टोरंटोतली तिची नात नेमकी त्याच पुस्तकातून भाषा शिकायला लागली. दर रविवारी फोनवर आजीला धडा वाचून दाखवायची, शेजारी बाप, मुईताईचा तोच मुलगा, बसलेला असायचा. एका रविवारी तो धडा आला.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्यानंतरही नाही. हे मला शेजारच्या कोळंबीवाल्याने सांगितलं आणि वर विचारलं, "लोकांच्या घरातलं चव्हाट्यावर मांडताना तुम्हाला काहीच वाटलं नाही, मास्तर?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान खाली घालून मी मुईताईची माफी मागितली.

"तुम्ही खोटं कुठे छापलंत?" ती म्हणाली, आणि गिऱ्हाइकाकडे वळली.

मी अजून जातो. विचारेन त्याचं उत्तर ती देते. पण आधी जरा थांबते, वाक्य तोंडातल्या तोंडात तपासून घेते, आणि छापलं तरी चालेल एवढंच बोलते.