ओट्यावरचं नाव

आमच्या मार्केटात मासळीच्या ओट्यावर पुरुष बसत नाही. त्यानं खाडीत जावं, जाळी विणावीत, बर्फाची लादी फोडून द्यावी. पण माल मांडायचा, भाव करायचा आणि गिऱ्हाइकाच्या तोंडाला तोंड द्यायचं ते बाईनंच. ओट्यावरची जागाही आईकडून लेकीकडे जाते, नाहीतर सासूकडून सुनेकडे. कोपरीच्या मनुबाईची जागा सगुणाकडे जायची होती. आणि सगुणा जन्मली तेव्हा तिचं नाव नामा ठेवलं होतं.

मी लग्न होऊन ठाण्यात आले तेव्हा नामा आईच्या मागे बसून कोलंबी सोलायचा. पुढे केस वाढले, आणि एका वर्षी गणपती झाल्यावर लुगडं नेसूनच ती मार्केटात आली. म्हणाली, मना सगुणा म्हना. आठवडाभर चेष्टा चालली. मनुबाई कोणाशी भांडली नाही. "माझी पोर हाय. मासली घ्याची तर घे, नायतर वाट सोड," एवढंच म्हणायची. हळूहळू लोकांना सवय झाली. मलाही.

ब्याण्णव साली मनुबाईच्या अंगावरून वारं गेलं. त्याच वर्षी मार्केटच्या कचेरीनं नोटीस लावली: ज्यांनी त्यांनी ओट्याला आपलं नाव चढवून घ्यावं, दर वर्षी दिवाळीनंतर साहेब पाहणीला येतील, नाव असलेलं माणूस तेव्हा ओट्यावर नसेल ती जागा लिलावात जाईल.

सगुणा माझ्या दारात आली. "वैनी, तुमी शिकलेल्या. चला माझ्यासंगती."

कचेरीतले दौलतराव वाईट नव्हते. आम्हाला खुर्च्या दिल्या. "मुलगा म्हणून अर्ज करा, नामा या नावानं. आत्ता सही करतो."

"आन् सगुणा म्हनून?"

"मग ऑपरेशन झाल्याचा सर्जनचा दाखला लागेल."

"हा नियम कुठे लिहिलाय?" मी विचारलं.

"कुठेच नाही, वहिनी. म्हणून तर साहेब दाखला मागतात. उद्या वरून कोणी विचारलं तर दाखवायला काही नको का?"

सगुणा बाहेर येऊन म्हणाली, "नामा तर नामा. कागदावर काय, कायपन लिहू देत."

पण ओळीतली सगळ्यात जुनी कोळीण, शेवंतीबाई, ऐकताच ताडकन उठली. "नामाच्या नावानं घेतलंस तर बसू देनार नाय!"

"माझ्यावर राग हाय का गो मावशे?"

"तुझ्यावर कशाला? पन येका ओट्यावर बाप्याचं नाव चढलं का उद्या माझा जावई येल, परवा ठेकेदार येल. बोलंल, नामा चालतो, मी का नाय? मंग आमी खावाचा काय?"

शेवंतीबाईचं खरंच होतं. कचेरीला सगुणा पुरुष हवी होती, ओळीला बाई. मधली वाट एकच, ऑपरेशन.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात तिला तपासलं. लहानपणीच्या तापानं तिच्या हृदयाची झडप अधू झाली होती. भूल दिली तर टेबलावरून उठेलच असं नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. परतताना मी विचारलं, "तुला स्वतःला हवंय का गं हे?"

"हवं असतं तर मरनाची पर्वा केली नसती," ती म्हणाली. "मना जागा हवी, वैनी."

चार दिवसांनी तिनं बातमी आणली. शीळफाट्याजवळ एक जण करतो, छातीबितीचं विचारत नाही. मी खूप समजावलं. शेवटी तिच्याबरोबर गेले, कारण एकटी गेली असती.

टायरच्या दुकानामागे दोन खोल्या होत्या. डॉक्टर म्हणवणारा माणूस बनियनवर होता. आतल्या खाटेवर एक पोर पडली होती, रतन नावाची, दिवा गावची. तिचं नुकतंच झालं होतं. ओठांना पापुद्रे आले होते. सगुणानं तिला पाणी पाजलं.

"दुखतं का गो?"

"आधी दुखायचं," रतन म्हणाली. "आता काहीच कळत नाही."

सगुणानं तिच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. पलीकडून तो माणूस सांगत होता, "मंगळवारी या. दाखला लगेच मिळेल."

"रिक्षा बोलवा," सगुणा मला म्हणाली. तो आडवा आला, तेव्हा तिनं मार्केटातला आवाज लावला. टायरवाले बाहेर येऊन बघू लागले, आणि तो बाजूला झाला. आम्ही रतनला उचलून कल्याणच्या दवाखान्यात नेलं. वाचली ती, पण महिनाभर तिथेच होती.

वाटेत रिक्षात, रतनचं डोकं मांडीवर घेऊन, सगुणा म्हणाली, "जागा गोदाच्या नावावर चढवू."

गोदा तिच्या भावाची, भिवाची बायको. एका घरात राहून सगुणाच्या हातचं पाणी न पिणारी. मी म्हटलं, "अगं, ती तुला एका दिवसात उठवेल."

"उठवील. पन उठाला मी जिती असंन ना!"

पाहणीच्या सकाळी गोदा नवं लुगडं नेसून ओट्यावर बसली. सगुणा मागे, बोंबील निवडत. मी पिशवी घेऊन उगाचच भाव विचारत उभी होते. साहेब आले, मागे दौलतराव, नजर खाली.

"गोदा भिवा?"

"मीच."

"ही मागे कोण?"

ओळीतल्या कोयत्या थांबल्या. ज्याचं नाव त्याच्या घरच्यांशिवाय ओट्यावर कोणी बसायचं नाही, असंही नोटिशीत होतं. गोदानं घरची नाही म्हटलं असतं तर संपलं होतं. तिनं मागे वळून सगुणाकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं, असं मला वाटलं.

"नणंद हाय माझी."

"सख्खी?"

"मंग? लगीन जमवाचा हाय का तिचा तुमाला?"

सगळी ओळ खदखदून हसली. साहेबही ओशाळून पुढच्या ओट्याकडे गेले. सगुणाचे हात मात्र बोंबलांवर तसेच थांबले होते.

"रडू नको," गोदा तिच्याकडे न बघता म्हणाली. "आज बोलले. पुढल्या सालचा वायदा नाय."

त्याला आता सहा वर्षं झाली. मनुबाई गेली. सगुणा तिथेच बसते, ओट्यावर नाव गोदाचंच आहे. दर वर्षी पाहणीच्या आठवड्यात सगुणाचा आवाज खाली येतो, गिऱ्हाईक म्हणेल त्या भावाला ती मासळी देऊन टाकते. आम्ही जुनी गिऱ्हाइकं त्या आठवड्यात घासाघीस करत नाही.