इंजिनाच्या ढेकरांचा डबा

आमच्या रामनगरात अशी बोलवा आहे, की तुळजाक्का जीपच्या बॉनेटखाली चोरडबा बसवून देते आणि त्या डब्यातून गोव्याची दारू नाक्यावरून पार होते. पेपर टाकणारा नागू हे सांगताना आवाज इतका खाली नेतो, की त्याच्या तोंडापाशी कान न्यावा लागतो. "कुणाला बोलू नको हं. दोन लिटर बसतंय म्हणे एकात."

डबा खरा. बॉनेटखाली असतो हेही खरं. बाकी सगळं खोटं. मागच्या वर्षी नाक्यावरच्या एका पोलिसदादांनी या बोलण्यावर विश्वास ठेवून डब्याची तोटी उघडली, बोट ओलं केलं आणि थेट जिभेला लावलं. मग "एनिदु?", म्हणजे हे काय, म्हणत त्यांनी जो चेहरा केला, तो मी लोकांना अजून करून दाखवते. आत होतं काळं, जळक्या वासाचं, फेसाळलेलं तेल.

शहरातली पोरं त्या डब्याला कॅच कॅन म्हणतात. तुळजाक्का म्हणते, ढेकराचा डबा.

"जेवल्यावर माणूस ढेकर देतंय का न्हाई? इंजिन बी देतंय. वर जाळ होतोय, त्यातली थोडी हवा पिस्टनच्या कडंनं खाली पोटात उतरती. तिला भाईर तर पडायचंच. येताना तेलाची वाफ घिऊन येती. कंपनीचा पाइप ती वाफ परत इंजिनालाच पाजतोय. साध्या गाडीला चालतंय. टर्बो बसवून दाबून पळवणाऱ्या गाडीला न्हाई चालत, सगळा हवेचा रस्ता तेलकट. म्हणून मधी डबा. तेल डब्यात, हवा भाईर. मी एवढंच करतो."

आमच्याकडच्या जुन्या बायकांसारखी तीही 'मी करतो, मी जातो' असंच बोलते. वय बावन्न. माहेर खानापूरच्या बाजूला. लग्नानंतर एकोणीस वर्षं तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, मारुतीमामांनी, भाताची गिरण चालवली. गिरणीला डिझेलचं इंजिन होतं, त्याचं हँडल फिरवायची ती, त्याचा आवाज ऐकायची ती. मामा पोती शिवायचे. गिरणीला विजेची मोटर आली तेव्हा इंजिन गेलं, पण अक्काचा कान राहिला. तिनं वेल्डिंगचं मशीन घेतलं, खिडक्यांच्या जाळ्या करू लागली. एकदा गोव्याचा एक पोरगा तेलात भिजलेला एअर फिल्टर हातात घेऊन तिच्या दारात उभा राहिला. तिनं फुटक्या स्टीलच्या किटलीला दोन नळ्या आणि एक तोटी जोडून दिली. तो पहिला डबा.

आता बेळगाव, मडगावहून पोरं येतात. काहीजण नेटवरून मागवलेले निळे, तांबडे, चकचकीत डबे घेऊन येतात. अक्का डबा कानाशी हलवते.

"रिकामा हाय की रे! वाफ हिकडनं शिरली, तिकडनं गेली. देवळात यिऊन घंटा बी न वाजवता गेल्यागत."

तिच्या डब्यात भोकं पाडलेल्या दोन पत्र्यांमध्ये भांडी घासायची तारेची घासणी दाबून भरलेली असते. वाफ तारेत अडकते, थंड होते, तेल खाली ठिबकतं. इंजिनापासून डब्यापर्यंत पाइप चढताच हवा. मध्ये झोळ पडला की तिथं तेल साचतं आणि वाट बंद. "पाइपाला पोट सुटू द्यायचं न्हाई," असं म्हणून ती मारुतीमामांच्या पोटाकडे बघते. मामा निमूटपणे पाइप कापत राहतात.

या उन्हाळ्याच्या शेवटी प्रज्योत आला. डोंगरावरच्या दिग्गीचा. जुन्या जीपला टर्बोचं इंजिन, मोठी चाकं, छतापर्यंत नेलेली हवेची नळी. मिरगाला आठ दिवस होते. पाऊस धरला की दिग्गीच्या वाटेवरचा व्हाळ भरतो आणि गाडी जात नाही. त्याआधी वाडीतल्या अठरा घरांची चार महिन्यांची आगोट, म्हणजे कांडलेला तांदूळ, मीठ, तेल, सुकी मासळी, सगळं वर न्यायचं. तिथवर चढणारी गाडी एकच, प्रज्योतची. आणि ती जागोजागी तेल ओकत होती.

"बेळगावात दाखवली गो अक्का. पिस्टनच्या रिंगा गेल्या म्हणाले. इंजिन उतरवायचं, महिना लागंल." त्यानं बॉनेटवर हात आपटला. "लोकांनी डोक्यावरनं पोती न्यायची काय?"

अक्कानं इंजिन चालू करायला लावलं. तेल ओतायच्या तोंडाचं झाकण काढून तिथंच उलटं ठेवलं. ही तिची गिरणीतली परीक्षा. झाकण जागच्या जागी थडथडलं तर इंजिन बरं, उडालं तर रिंगा गेल्या.

झाकण उडालं. दारात बसलेल्या माझ्या पायाशी येऊन पडलं.

"बेळगाववाले पास!" मी म्हटलं. प्रज्योत मडगार्डवर बसला.

ढेकराचा पाइप बोटानं चाचपत चाचपत अक्का इंजिनाच्या मागच्या अंगाला गेली आणि थांबली. पकडीनं तिनं जे उपटलं, ती होती सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली बांबूची खुंटी. फस्सकन आवाज झाला.

"ही कुणी मारली रे?"

प्रज्योतनं जमिनीकडे बघितलं. "मीच. गेल्या पावसात, व्हाळ पुरता भरायच्या आधी, त्यातनं जाताना पाइपात पाणी शिरत होतं. पलीकडं जाऊन काढायची... राह्यली."

"गेल्या पावसात! भाड्या, वर्षभर त्याचं तोंड दाबून पळवलास त्याला? मग ते मिळंल तिथनं ओकणारच की!"

झाकण पुन्हा उलटं ठेवलं. या वेळी ते चहाच्या पातेल्यावरच्या ताटलीसारखं थडथडलं, पण बसून राहिलं.

मला तरी पटेना. बेळगावात एवढी यंत्रं आहेत, त्यांना कळलं नाही आणि खुंटी उपटून गाडी बरी? मी म्हटलं, "तीन खेपांत डबा काठोकाठ भरतो की नाही बघ."

"अर्धा कप. चहाचा. त्याच्यावर न्हाई."

"पैज?"

"पैज. मी हरलो तर चौकात उभी राहून माझी नक्कल कर, मी टाळ्या वाजवतो. तू हरलीस तर शेवटच्या खेपेला यायचं, दिग्गीत सामान उतरवायला."

त्या दिवशी तिनं डबा बॉनेटखाली अगदी वर, मागच्या पत्र्याला बसवला. इंजिनापासून जाड पाइप चढता आणला. डब्यातून निघणारी नळी छताच्या हवेच्या नळीबरोबर वर नेऊन तिचं तोंड खाली वळवलं, म्हणजे व्हाळात पाणी शिरायला नको आणि खुंटी मारायलाही नको. "मागच्या सीलमधनं तेल थेंब थेंब यील. ते पाऊस गेल्यावर बदलू. आता भर पोती."

प्रज्योतनं चार दिवसांत तीन खेपा केल्या. तिसऱ्या खेपेनंतर तो आला तेव्हा चिखलानं माखलेला होता आणि शीळ घालत होता. अक्कानं मारुतीमामांचा चहाचा कप घेतला (मामा "अगं, माझा!" म्हणाले, ते कुणी ऐकलं नाही) आणि तोटी उघडली. मी वाकून बघत होते. काळं, फेसाळ, एक धार, मग थेंब. मग काहीच नाही. मी डबा हलवला. तोटीत काडी घातली. अर्ध्याला एक बोट कमीच.

दुसऱ्या दिवशी पोत्यांवर बसून मी दिग्गीला गेले; अक्का पुढं प्रज्योतच्या शेजारी. शेवटची खेप, बाराव्या घरापर्यंतचं आधीच पोचलं होतं, उरलेल्या सहा घरांचं गाडीत. पहिलंच घर काशीआजीचं. "तांदूळ आतल्या खोलीत गो बाय. मीठ माळ्यावर. मासळी मांजराला दिसू देऊ नको." तिसऱ्या घराच्या पायरीवर मी बसले आणि म्हटलं, "अक्का, साकु. पुरे आता."

अक्का बॉनेट उघडून झाकणाची थडथड ऐकत होती. तिनं मागे वळूनही बघितलं नाही.

"साकु कसलं? तीन घरं हायत अजून. तो तेलाचा डबा उभा धर. आडवा न्हाई, उभा!"