मावशींचे हात
विरार स्टेशनबाहेर मोगऱ्याच्या गजऱ्यांचा वास आला की वटार गावातल्या आमच्या शेजारच्या मावशींचा ओटा आठवतो. त्या कळ्या ओवत बसायच्या आणि मी माझी नवी कथा वाचून दाखवायचो. कथा रंगली की त्यांचे हात थांबत. "हात पुन्हा चालायला लागले की समज, मला कंटाळा आला. तेवढं काढून टाक," म्हणायच्या. राग गिळून मी काढायचो. त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हाही सुनेने उशाशी कळ्यांची परडी ठेवली होती. मी अख्खी कथा वाचली. हात पहिल्या ओळीपासून चादरीवर निपचित. "कशी वाटली, मावशी?" "छान," त्या डोळे मिटूनच म्हणाल्या. हा शब्द त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. त्या कथेतलं काय काढायचं, अजून कळलेलं नाही. ज्याला वाचून दाखवतो, तो छान म्हणतो.