चुनखडीच्या ढिगातला शिंपला

आता हसायचं तर आधीच हसून घ्या! हा गाढवपणा दुसऱ्या कोणाचा नाई, माझाच आहे.

भिलाईचा कारखाना उभा होऊन राहिला होता. मी विशीतला पोट्टा. भट्टीसाठी येणाऱ्या चुनखडीचे नमुने फोडायचे अन् लॅबमध्ये पोचवायचे, एवढंच काम. राहणं रुआबांध्याकडं, पत्र्याच्या बराकीत. खोलीत एक सरदारजी, एक तेलुगू, एक बिलासपूरचा. माणसं चांगली, पण मराठी? नाव नका घेऊ! खोलीत आठ-आठ दिवस तोंडातून मराठी शब्द निघत नव्हता. शेवटी मी चुनखडीशीच बोलाले लागलो. "कावून वं, फुटत नाईस?"

मराठी माणूस एकच. दगडांची पारख करणारे वासेकर साहेब, वर्ध्याचे. त्याईच्या टेबलावर एक दगड झालेला शिंपला होता. तो पाहायच्या निमित्तानं मी रोज पाच मिनिटं थांबत होतो. शिंपल्याशी मले काय घेणंदेणं? त्याईचं बोलणं ऐकायचं होतं.

"हा नदीतल्यासारखा नाई बरं," साहेब सांगत. "त्याची झाकणं डावी-उजवी. याची वर-खाली, अन् दोन्ही वेगळी. ब्रॅकिओपॉड म्हणतात."

"याचा बाप कोण, साहेब?"

"तेच तर कोडं आहे! सगळ्यात जुने सापडतात, तेही दोन झाकणं घेऊनच. त्याच्या आधीचा कोणाले सापडलाच नाई. आपली चुनखडी तर त्याहून जुनी. हिच्यात शिंपला निघाला ना, तर जग पाहायले येईन!"

जग गेलं खड्ड्यात, साहेब तर येतीन बोलाले!

अन् काय सांगू, उन्हाळ्याच्या तोंडाशी गोदामामागच्या चुनखडीच्या ढिगात मले तो सापडलाच! राखाडी, टणक, अर्ध्या चंद्रासारखा, काठाले बारीक बारीक चुण्या. मी धावत सुटलो. साहेबांनी चष्मा चढवला, शिंपला उजेडात धरला.

"कुठं सापडला? बस, बस आधी!"

तासभर बसवलं हो मले! चहा पाजला. गाव कोणतं, घरी कोण कोण, सगळं विचारलं. रविवारी जेवायलेही बोलावलं. त्या दिवशी मी जेवढं मराठी बोललो, तेवढं वर्षभरात नसंन बोललो.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये ही गर्दी! मोठे साहेब, एक रशियन इंजिनिअर, माझे तिन्ही खोलीवाले. वासेकर साहेबांनी छिन्नी ठेवली अन् हलकेच हातोडी मारली. टक्!

आतून खोबरं निघालं. खसखससुद्धा!

रशियन साहेबानं वास घेतला अन् मान डोलवली. वासेकर साहेब हळूच म्हणाले, "करंजी?"

"हाव," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

दिवाळीत आईनं पाठवल्या होत्या. खोलीत वाटाव्या लागतीन म्हणून मी पुरचुंडी गोदामातल्या सिमेंटच्या पोत्यांमागं लपवली अन् रोज एकटाच जाऊन खाल्ली. एखादी घरंगळली असंन, सिमेंटात लोळली असंन, मग अवकाळी पाऊस गळला, झाला दगड, अन् झाडलोटीत गेला मागच्या ढिगात!

सगळे पोट धरून हसले. सरदारजी तेवढा हसला नाई. "माँ ने मिठाई भेजी थी? और तूने पूछा तक नहीं?"

रविवारचं जेवण तर गेलंच. पण पुढचे आठ दिवस, मराठी सोडा, खोलीत माझ्याशी हिंदीतही कोणी बोललं नाई!