टाचेतल्या रक्ताचे थेंब

बाळाची टाच पुसायच्या स्पिरिटचा वास आला की मला गोंदिया जिल्ह्यातल्या दरेकशाजवळचं एक अंगण आठवतं. मी तेव्हा आरोग्य केंद्रात नर्स होते. नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घ्यायचे, खास कागदावर वाळवायचे आणि जन्मजात आजारांच्या तपासणीसाठी नागपूरला पाठवायचे, हे काम आमच्याकडे नवीनच आलं होतं. एका मुलीच्या शरीरात थायरॉइडचं संप्रेरक जवळजवळ तयारच होत नसल्याचा रिपोर्ट आला, तोवर तिची आई तिला घेऊन माहेरी गेली होती. मी दुपारची गाडी पकडून तिथे पोहोचले. अंगणभर मोहफुलं वाळत होती, त्यांचा गोड, जड वास सुटला होता आणि बाळ झोळीत निपचित झोपलं होतं. मी रिपोर्ट दाखवून औषध सुरू करायला हवं असं सांगितलं. "चांगल्या लेकराले औषध कायले देऊन राहिली?" बाळाची आजी म्हणाली, "रडत बी नाही, इतकी गुणाची पोर आहे." मी म्हटलं, "आजी, पंधरा दिवसांचं लेकरू रडत नाही, तोच आजार आहे. आता गोळी सुरू केली तर ती शाळेत जाईल. उशीर केला तर तिची बुद्धी वाढणार नाही." आजी काही बोलायच्या आत आईने बाळ उचललं आणि म्हणाली, "चला सिस्टर." गोंदियाला पुन्हा रक्त तपासलं आणि त्याच दिवशी आईच्या दुधात गोळी विरघळवून दिली. महिनाभराने आजीच केंद्रात आली. "बाई, पोरीनं घर डोक्यावर घेतलं," ती तक्रार करत हसत होती. पुढे मी कितीतरी टाचा टोचल्या, बाळं कळवळून रडली, पण ते रडणं ऐकून मी निश्चिंत मनाने पुढचा थेंब कागदावर घेत राहिले.