मामाजी "नाही" म्हणाले तेव्हा मी शेजारीच होते

मैत्रिणींनो, भंडाऱ्याच्या दवाखान्यातून लिहितेय.

माझ्या सासऱ्यांचं, मामाजींचं, पोट साफ होत नव्हतं. काल मीच त्यांना कोलन हायड्रोथेरपीला नेलं. आतड्यात पाणी सोडण्याआधी तिथल्या बाईंनी विचारलं, "संडासातून रक्त पडतं का?" मामाजी "नाही" म्हणाले.

आज त्यांचं आतडं फाटलं. डॉक्टर म्हणाले, रक्त पडत असेल तर ही थेरपी करायचीच नसते.

माझ्या नवऱ्यानं विचारलं, "बाबा, रक्त पडत होतं, तं काल सांगितलं काहून नाही?"

पडद्याआडून मला मामाजींचा आवाज आला, "सूनबाई उभी होती ना बाजूले."

आता ऑपरेशन सुरू आहे. थेरपीआधी असे प्रश्न विचारतील, तेव्हा तुम्ही बाहेर जा गं.

मी काळजीनंच थांबले होते.