न धुता खायची द्राक्षं

"धुवू नका, तसंच खावा," म्हणत अक्का घडातला एक मणी खुडायच्या आणि समोरच्याच्या तळहातावर ठेवायच्या. समोर तलाठी असो, जावई असो की वायनरीचा साहेब. मणी तोंडात जाईपर्यंत त्या जागच्या हलायच्या नाहीत.

माझी पंचाईत अशी, की हुमनाबादला माझं शेतीच्या औषधांचं दुकान. द्राक्षावर काय काय मारतात ते मीच विकतो, म्हणून मला तोंडपाठ. आमच्या घरी मिठाच्या पाण्यातून काढल्याशिवाय द्राक्षाला कुणी हात लावत नाही. आणि ही बाई मला वेलीवरचा मणी खायला लावणार! काही गिऱ्हाईकं अशी असतात बघा, जी काहीच घेत नाहीत, तरी ती आली की चहा मागवावासा वाटतो. अक्का त्यांतल्या.

एके काळी मात्र निर्णा गावातलं अक्कांचं हे घर माझं पहिल्या नंबरचं गिऱ्हाईक होतं. खायच्या द्राक्षाची बाग. रोग आज डावणीचा तर उद्या भुरीचा, फवारणीचा पंप खांद्यावरून उतरायचाच नाही. खांदा असायचा अक्कांच्या यजमानांचा. त्यांना आम्ही अप्पा म्हणतो. एकदा फवारता फवारता अप्पा बागेतच चक्कर येऊन पडले. दवाखान्यातून बरे होऊन आले, पण त्यानंतर बागेत पाय टाकला की त्यांना मळमळायचं. मग ते बांधावरच्या दगडावर बसू लागले. ज्यांनी एकेक वेल स्वतःच्या हाताने लावली, ते बांधावरून पाहुण्यासारखे बघायचे. अक्कांना ते बघवेना. पुढच्या हंगामात त्यांनी सगळी बाग उपटून टाकली.

गाव म्हणालं, बाईचं डोकं फिरलं. अक्कांनी आमच्या भागातल्या एका छोट्या वायनरीकडून रोगाला दाद न देणाऱ्या जातीची रोपं आणून लावली. मणी बारके, काळे, बियांचे. बाजारात कुणी विचारणार नाही, फक्त वाईनच्या कामाचे. पण वर्षाकाठी गंधकाची एखादी फवारणी केली की भागायचं.

"अक्का, माझ्या पोटावर पाय देता व्हय?" मी म्हणालो.

"तुमचं पोट लई मोठं हाय, अण्णा. एक पाय बसतोय की," त्या म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "मला ह्यांना बागंत आणायचंय."

वाईनचं नाव ऐकून माळकरी मंडळींनी नाकं मुरडली. अक्कांचं उत्तर ठरलेलं, "आंबील काय आंबल्याबिगर होती? मग द्राक्षानंच काय पाप केलंय?" स्वतः मात्र त्यांनी वाईनचा घोट कधी घेतला नाही. जिभेच्या टोकाला लावायच्या आणि थुंकून टाकायच्या.

आंबिलीचं हे वेड एकदा त्यांच्या अंगाशी आलं. वायनरीवाल्यांनी शिकायला म्हणून त्यांना रसाचं एक छोटं पिंप नेमून दिलं. दुसऱ्या दिवशीही बुडबुडे येईनात, तशा अक्का अस्वस्थ झाल्या. घरून डबा भरून कालची आंबील आणली, कुणाला न विचारता पिंपात ओतली आणि वर फडकं बांधून मोकळ्या झाल्या. काही दिवसांनी फडकं सोडलं तर आत नुसता सिरका. साहेब कपाळाला हात लावून बसला.

"साहेब, कामून रडायलाव? भज्जीला आंबट लागतंयच की," अक्का म्हणाल्या आणि सगळा सिरका बरण्यांत भरून घरी नेला.

त्या येळवसेला आम्ही त्याच सिरक्याची, सगळ्या भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी बोटं चाटून खाल्ली. येळवस म्हणजे आमच्याकडची मार्गशीर्ष अमावास्या. सगळं गाव शेतात जेवायला असतं. अक्कांची पंगत वेलींच्या सावलीत बसायची आणि अप्पांचं ताट बांधावर जायचं. ते नेताना अक्का दर वर्षी म्हणायच्या, "चला की आत. आता कसलाच वास न्हाई."

"बघू की," अप्पा म्हणायचे आणि भाकरी मोडायला घ्यायचे.

मग ते अवकाळीचं वर्ष आलं. ऐन घड भरताना आठवडाभर झड लागली आणि माझ्या दुकानात जत्रा भरली. त्या गर्दीत अक्का उभ्या दिसल्या. शेवटी आल्याच म्हणायच्या औषधाला! मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही.

"काय देऊ, अक्का?"

"सुतळी द्या. घडाच्या वजनानं फांद्या वाकायल्यात."

सगळं दुकान त्यांच्याकडे बघत राहिलं. मी धंदा विसरून मोठ्याने हसलो. त्या संध्याकाळी त्यांनी अप्पांना म्हणे पुन्हा विचारलं. अप्पा पुन्हा म्हणाले, "बघू की."

यंदा श्रावणात अक्का गेल्या. थोडे दिवस ताप आला, बिदरच्या दवाखान्यात नेलं आणि त्या परत आल्याच नाहीत. मला फार वाईट वाटलं. सगळ्यांत जास्त वाटलं ते हे, की बाग उभी राहिली आणि जिच्यासाठी उभी केली ती एक गोष्ट राहून गेली.

येळवसेला जावं की नाही, असं वाटत होतं. तरी गेलो. बांधावरचा दगड रिकामा होता. अप्पांची तब्येत बिघडली असणार, असं म्हणून मी घराकडे वळणार, तेवढ्यात वेलींमधून खोकल्याचा आवाज आला. अप्पा आत होते. खांद्यावर सुतळीचं बंडल घेऊन एक लोंबती फांदी बांधत होते.

"अप्पा, तुम्ही आत?"

"ती आत हुती तवर बांधावर बसलं तरी चालत हुतं," ते म्हणाले. गाठ आवळली आणि घडातला एक मणी खुडून माझ्या तळहातावर ठेवला. नुकता रंग धरलेला, आंबट असणार.

सवयीने माझी नजर पाण्याच्या घागरीकडे गेली.

"धुवू नका," अप्पा म्हणाले. "तिला चालायचं न्हाई."